हायलायटरखालचा अग्रलेख

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या कोणत्याही अभ्यासिकेत सकाळी डोकावले, तर वर्तमानपत्राचे एक पान बाकीच्या पानांपेक्षा जास्त मळलेले दिसते. ते खेळाचे नसते, सिनेमाचेही नसते. ते अग्रलेखाचे असते. आपला अग्रलेख हल्ली वाचतो तरी कोण, अशी शंका संपादकांना अधूनमधून येते म्हणतात. त्याचे उत्तर या अभ्यासिकांत आहे. घरी वडीलधारी मंडळी मथळे चाळून राशिभविष्याकडे वळतात. राज्यसेवेची किंवा यूपीएससीची तयारी करणारी ही विशीतली मुले-मुली मात्र हायलायटर उघडून अग्रलेखावर बसतात. शब्दाखाली रेघ, आकड्याभोवती चौकट, समासात 'जीएस-२' किंवा 'जीएस-३' अशी खूण. शब्दन्‌शब्द असा चाळून काढणारा दुसरा कोणता वाचकवर्ग आज मराठी अग्रलेखाला असेल, असे मला वाटत नाही.

आणि तरीही माझी तक्रार या वर्गाबद्दलच आहे. अग्रलेख सगळ्यांत जास्त वाचणारी ही मंडळी अग्रलेखात जे घेण्यासारखे आहे, नेमके तेच सोडून देतात. आकडे घेतात, समित्यांची नावे घेतात, घटनेचे कलम टिपतात, एखादे चमकदार वाक्य 'कोट' म्हणून वहीत चिकटवतात. आता खरे सांगायचे तर आकडा आणि समिती यांसाठी अग्रलेखाइतके गैरसोयीचे ठिकाण दुसरे नाही. त्यासाठी पीआयबीचे निवेदन आहे, आर्थिक पाहणी अहवाल आहे, 'योजना' आहे, वर्तमानपत्रातच शेजारच्या पानावर 'विश्लेषण'सारखी सदरे आहेत. अग्रलेखाजवळ यांपैकी कशातच नसलेली एक गोष्ट असते: वर्तमानपत्र एका प्रश्नावर एक बाजू घेते, ती का घेतली याची कारणे देते आणि उलट बाजूला उत्तर देते. म्हणजे युक्तिवाद. तो टाकायचा आणि माहिती उचलायची, हे रस गुऱ्हाळवाल्याकडे ठेवून चिपाड घरी नेण्यासारखे झाले.

ही सवय मुलांनी स्वतःहून लावून घेतलेली नाही. यूपीएससीच्या परीक्षेचा इतिहास पाहिला तर ती कशी लागली ते कळते. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत हा तीन टप्प्यांचा साचा आला आणि मराठीसह भारतीय भाषांतून उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली. सतीशचंद्र समितीच्या अहवालानंतर १९९३ पासून निबंधाचा पेपर आला. पुढे अरुण निगवेकर समितीमुळे २०१३ पासून वैकल्पिक विषय दोनाचा एक झाला, सामान्य अध्ययनाचे पेपर दोनाचे चार झाले आणि त्यात नीतिशास्त्राचा एक पेपर नव्याने दाखल झाला. निगवेकर पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू, म्हणून हा बदल आपल्याकडे जरा जास्त आपुलकीने चर्चिला गेला. वैकल्पिक विषयाचे वजन घटले आणि 'सगळ्या विषयांवर थोडेथोडे, पण मुद्देसूद लिहिता येणे' याचे वजन वाढले. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न असतात. निम्म्यांना १५० शब्द, निम्म्यांना २५०. म्हणजे एका बैठकीत सुमारे चार हजार शब्द हाताने लिहायचे. एवढ्या विषयांवर मत कुठून आणायचे? वर्तमानपत्रातून. वर्तमानपत्रात मत कुठे असते? अग्रलेखात. इथपर्यंत सल्ला बरोबर होता.

पुढे क्लासवाल्यांनी त्याचा माल केला. आता सातआठशे शब्दांच्या अग्रलेखावर तासाभराचा व्हिडिओ निघतो. त्यात वाक्य वाचायचे, अर्थ सांगायचा, मग त्या विषयाचा सगळा पूर्वेतिहास सांगायचा. संध्याकाळपर्यंत टेलिग्रामवर दहा ओळींची पीडीएफ येते: 'पार्श्वभूमी, मुद्दे, आव्हाने, वे फॉरवर्ड'. ज्याने अग्रलेख लिहिला त्याचा राग, त्याची खोच, त्याने मुद्दाम न बोललेली गोष्ट यांतले काहीच त्या दहा ओळींत येत नाही. येते ते फक्त 'सरकारने सर्व घटकांना विश्वासात घेणे गरजेचे आहे'. हे वाक्य कोणत्याही विषयावरच्या कोणत्याही अग्रलेखातून काढता येते. त्यासाठी अग्रलेख वाचावाही लागत नाही.

अग्रलेख प्रशासनाशी कसा बोलू शकतो याची उदाहरणे आपल्याकडे इतकी आहेत, की मराठी मुलांनी ती बाहेरून आणायची गरज नाही. १८९६ चा दुष्काळ घ्या. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. सरकारजवळ दुष्काळाची संहिता होती. सारा कधी तहकूब करायचा, कामे कधी काढायची, मदत कुणाला द्यायची याचे लिखित नियम होते. शेतकऱ्याला मात्र ते ठाऊक नव्हते आणि खालचा अधिकारी ते आपणहून सांगत नव्हता. 'केसरी'ने ते नियम लोकांना समजावून सांगितले. तुमचा हक्क सरकारच्याच कायद्यात लिहिलेला आहे, तो मागा. साऱ्यासाठी गुरेढोरे विकू नका, हा त्या लिखाणाचा रोख होता. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते तीच गोष्ट गावोगाव सांगत होते. सरकारला हे इतके झोंबले, की १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. या लिखाणात नियमाचा तपशील, तो नियम आणि गावातली वस्तुस्थिती यांमधले अंतर, आणि आता कुणी काय करायचे याचा स्पष्ट निष्कर्ष असे तिन्ही होते. आजच्या 'आपत्ती व्यवस्थापन' या घटकावर उत्तर लिहिणाऱ्याला याहून चांगला नमुना कुठला दाखवणार?

आणि तरी टिळकांचे अग्रलेख आपल्या परीक्षार्थींना कसे भेटतात? 'देशाचे दुर्दैव', 'हे उपाय टिकाऊ नाहीत', १९०८, सहा वर्षे, मंडाले. जोड्या लावा. ज्यासाठी माणूस सहा वर्षे तुरुंगात गेला, त्या अग्रलेखांत नेमके काय म्हटले होते, हे विचारले तर शंभरातल्या नव्वदांना सांगता येणार नाही. पूर्वपरीक्षेपुरती त्याची गरज नसते, हे मला मान्य आहे. मुख्य परीक्षेत मात्र असते.

संमतीवयाच्या कायद्याचेही तेच. 'मार्च १८९१, वय १० वरून १२', एवढी ओळ प्रत्येकाच्या वहीत असते. पण तो वाद पुण्यातल्या दोन वर्तमानपत्रांच्या स्तंभांत कसा पेटला होता! १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. टिळक आणि ते १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले. पुढे मतभेद विकोपाला गेले, आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. विधेयक आले तेव्हा दोघे समोरासमोर उभे होते. परक्या सरकारला आमच्या घरात कायद्याने शिरण्याचा अधिकार कुणी दिला, समाज आपली सुधारणा आपण करील, ही टिळकांची बाजू. समाज करील म्हणून किती पिढ्या वाट पाहायची, आणि ज्या मुलीच्या जिवावर बेतते तिने तोवर काय करायचे, ही आगरकरांची. आज आपण सगळे आगरकरांच्या बाजूने आहोत, म्हणून टिळकांचा युक्तिवाद फेकून द्यावासा वाटतो. पण राज्यसंस्थेने समाजाच्या खासगी व्यवहारात किती शिरायचे, हा प्रश्न समान नागरी कायद्यापासून लग्नाच्या किमान वयापर्यंत आजही तसाच विचारला जातो. शिरू नये म्हणणाऱ्याचा युक्तिवाद त्याच्या पूर्ण ताकदीनिशी ज्याला मांडता येत नाही, त्याला शिरावे म्हणण्याचा अधिकार थोडा कमीच. एकाच विधेयकावरचे असे दोन अग्रलेख शेजारी ठेवून वाचले, तर महिनाभराच्या पीडीएफपेक्षा जास्त हाती लागते.

जुन्याचे कौतुक पुरे. अलीकडचा कांदा घेऊ. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई–आग्रा महामार्ग अडवला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ही दोन जोखडे ठेवून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. हा क्रम प्रत्येक अभ्यासू मुलाच्या वहीत आहे, आणि तो असायलाच हवा.

आता अग्रलेख यात वेगळे काय करतो ते पाहा. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याला किरकोळ महागाईचा आकडा आधी दिसतो. रिझर्व्ह बँकेचे चार टक्क्यांचे लक्ष्य दिसते, भाजीच्या पिशवीतली वाढ दिसते. नाशिकला किंवा मुंबईला बसून मराठीत लिहिणाऱ्याला लासलगावचा लिलाव दिसतो, चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा दिसतो, आणि भाव वाढला की बंदी पण पडला की कुणी विचारत नाही, हा जुना हिशेब दिसतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघे वेगळ्या माणसाच्या खिशाकडे पाहत असतात. वाचणाऱ्याने शोधायचा तो हा खिसा. शहरातला कांदा स्वस्त ठेवायचा असेल तर त्याची किंमत कोण भरतो, हा प्रश्न एक अग्रलेख विचारतो आणि दुसरा टाळतो. टाळणारा का टाळतो? इथे वाचन सुरू होते.

आणि एक गोष्ट. बंदी उठली ४ मेला. नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचे मतदान होते २० मेला. धीट अग्रलेख या दोन तारखा एकमेकींच्या शेजारी ठेवतो आणि पुढे काही बोलतही नाही. नोट्समध्ये मात्र यांतली एकच तारीख उरते. दुसरी 'राजकीय' म्हणून गाळली जाते. धोरण कसे ठरते, हे शिकायला बसलेल्या माणसाने धोरणातले राजकारण गाळून वाचावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

इथे मुलांचे उत्तर ठरलेले असते. 'सर, परीक्षेत बाजू घ्यायची नसते. बॅलन्स्ड लिहायचे असते.' हा समतोल मला या सगळ्या तयारीतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज वाटतो. सरावाच्या उत्तरपत्रिका तपासताना कांद्यावरच्या उत्तराचा शेवट बहुतेक ठिकाणी एकाच वळणावर येतो: शेतकरी आणि ग्राहक या दोघांच्याही हिताचा समतोल साधणारे दीर्घकालीन, सर्वसमावेशक धोरण आखणे ही काळाची गरज आहे. यात चूक काहीच नाही. उत्तरही काहीच नाही. बंदी घालायची की नाही? घालायची असेल तर चाळीत माल असलेल्या शेतकऱ्याला भरपाई कुठल्या निधीतून? नसेल घालायची तर नाफेडचा साठा बाजारात कधी, कुठे आणि किती सोडायचा? काळाची गरज या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर देत नाही.

प्रश्नपत्रिका खरोखर असा समतोल मागते का? प्रश्नांच्या शेवटच्या ओळी वाचा. 'चिकित्सक परीक्षण करा', 'आपण सहमत आहात का, कारणे द्या', 'मूल्यमापन करा'. सहमत आहात का असे विचारल्यावर 'एकीकडे आहे, दुसरीकडे नाही' हे उत्तर नव्हे. नीतिशास्त्राच्या पेपरात तर एक प्रकरण देऊन 'तुम्ही काय कराल' असेच विचारतात. निबंधाचे विषय अलीकडे आकडेवारीला थाराच देत नाहीत. २०२२ च्या पेपरात बंदरातले सुरक्षित जहाज होते, ऊन असतानाच करायची छपराची दुरुस्ती होती, दुसऱ्यांदा पाय ठेवता न येणारी नदी होती. अशा विषयावर हजार-बाराशे शब्द लिहिताना नीती आयोगाचा अहवाल हाताशी असून काय उपयोग? तिथे एक विचार धरून त्याच्यामागे शेवटपर्यंत जाण्याची सवय लागते, आणि ती सवय चांगला अग्रलेख लावतो. मुलाखतीचे २७५ गुण तर सरळसरळ मताचे, आणि मत हलवून पाहिले तर ते टिकते का याचे.

समतोल म्हणजे सर्व बाजू तोलणे. तोलून झाल्यावर पारडे कुठे झुकले ते सांगायलाच हवे. ते न सांगता तराजू ठेवून निघून जाणाऱ्याला आपण न्यायी म्हणत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. सनदी अधिकाऱ्याने तटस्थ असायचे असते. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई आहे. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम आहेत. मग ज्याला उद्या बोलायचेच नाही, त्याने आज अग्रलेखी बाणा का अंगी आणावा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धाच खरा आहे. अधिकाऱ्याने बाहेर बोलायचे नसते. आत, नस्तीवर मात्र त्याने बोललेच पाहिजे. सरकार त्याला पगार देते तो त्यासाठीच. मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्यापासून अवर सचिव, उपसचिव करत वर जाणारी टिप्पणी नीट वाचली, तर तिची रचना अग्रलेखाचीच असते. प्रकरण काय आहे, नियम काय सांगतो, पूर्वी अशा प्रकरणात काय केले, आता पर्याय कोणते, आणि त्यांतला कोणता घ्यावा व का. फरक एवढाच, की अग्रलेखाखाली सही नसते, टिप्पणीखाली असते.

वाईट टिप्पणी कशी असते हेही मंत्रालयाचे जिने झिजवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. 'उचित निर्णयार्थ सादर.' 'चर्चा करावी.' 'नियमानुसार कार्यवाही व्हावी.' नस्ती आठवडे फिरते, प्रत्येक टेबलावर एक सही वाढते आणि मत कुणाचेच नसते. 'काळाची गरज आहे' असे लिहून पास झालेला उमेदवार दहा वर्षांनी 'उचित निर्णयार्थ सादर' लिहितो, यात मला आश्चर्य वाटत नाही. सवय एकच आहे.

त्या टिप्पणीला आता वाचकही आहेत. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. दुसऱ्याच वर्षी नस्तीवरच्या टिप्पण्या त्यातून वगळण्याची दुरुस्ती केंद्राने आणू पाहिली, तेव्हा अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि ऑगस्ट २००६ मध्ये सरकारने तो बेत सोडला. म्हणजे अधिकाऱ्याने कोणत्या कारणाने कोणती शिफारस केली, हे आज सामान्य माणूस दहा रुपयांचा अर्ज करून मागू शकतो. अशा माणसाला आपली कारणे नीट लिहिता आली पाहिजेत, ही अपेक्षा जास्त आहे का?

अग्रलेखाची आरती ओवाळायची नाही. अग्रलेखही खोटे पडतात, पोकळ असतात, कधी नुसत्या कोट्यांवर चालतात. मथळ्यातला श्लेष जमला की संपादकाचे निम्मे काम झाले, असा समज आपल्याकडे जुना आहे. वर्तमानपत्राला मालक असतो, जाहिरातदार असतात, रस्त्यावरचे दडपण असते. मार्च २०१६ मध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांवरचा 'असंतांचे संत' हा आपला अग्रलेख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला होता. वृत्तपत्रस्वातंत्र्यावर उत्तर लिहिताना मुले १९(१)(अ) लिहितात, जागतिक निर्देशांकातला क्रमांक लिहितात. ज्या पानावर ती रोज रेघा ओढतात त्याच पानावर घडलेली ही गोष्ट मात्र उत्तरात आलेली मी पाहिली नाही. अग्रलेख कुणाच्या दबावाखाली लिहिला जातो आणि कशावर लिहिलाच जात नाही, हाही वाचनाचा भाग आहे.

मग वाचायचा कसा? माझा सल्ला कमी वाचण्याचा आहे. रोज चार वर्तमानपत्रांचे चार अग्रलेख वाचून वेळ जातो, दुपारी झोप येते आणि आपण अभ्यास केला असे वाटते. रोज एक वाचावा. वाचताना हायलायटर हातात धरू नये. वाचून झाल्यावर पान उलटे ठेवून लेखकाचे म्हणणे एका वाक्यात लिहावे, आणि त्या वाक्यात 'पाहिजे', 'नको' असे क्रियापद असावे. 'कांदाप्रश्नाचे विविध पैलू' हे म्हणणे नव्हे; 'निर्यातबंदी नको, कारण तिचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर पडतो' हे म्हणणे. मग त्याने कोणता पुरावा दिला आणि कोणता टाळला, ते पाहावे. मग घड्याळ लावून सात मिनिटांत त्याच्या विरुद्ध बाजूने १५० शब्द लिहावेत, स्वतःला पटत नसले तरी. हे चारदोन आठवडे केले की अग्रलेख चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे आपोआप कळू लागते. वाईट अग्रलेखाला उत्तर देणे फार सोपे जाते.

यात एक भर. वर्षभरापूर्वीचे अग्रलेख काढून वाचावेत. तेव्हा संपादकाने काय होईल म्हटले होते आणि काय झाले, हे ताडून पाहावे. कुणाचे भाकीत का फसले हे शोधताना अर्थव्यवस्था जितकी समजते, तितकी पाठ्यपुस्तकातून समजत नाही. परीक्षार्थी मात्र कालचा अग्रलेख शिळा म्हणून टाकतात. शिळी होते ती बातमी.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर भावनेने बोलायची आपल्याला सवय आहे. मराठी माध्यमातून यूपीएससी देणारा मुलगा 'द हिंदू' आणि 'इंडियन एक्स्प्रेस' वाचतो, इंग्रजीत नोट्स काढतो आणि परीक्षेच्या खोलीत त्यांचे मनातल्या मनात भाषांतर करत मराठीत उत्तर लिहितो. उत्तरातली वाक्ये मग अडखळतात, क्रियापद तीन ओळींनी येते. मराठीत राज्यव्यवहारावर सरळ, घट्ट वाक्य कसे लिहायचे, हे शिकायला चांगल्या मराठी अग्रलेखासारखी जागा नाही. १९६८ ते १९९६ या काळात 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक असलेल्या गोविंद तळवलकरांचे अग्रलेख यासाठी आजही काढून वाचावेत. जगाचे राजकारण मराठी वाक्यात मांडताना ते कुठेही उसने वाटत नाही.

हा मुद्दा आता केवळ यूपीएससी देणाऱ्यांपुरता उरलेला नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा प्रामुख्याने पर्यायी उत्तरांची होती. लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये ती वर्णनात्मक करायचे जाहीर केले. तयारीला वेळ हवा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि नवा साचा २०२५ च्या परीक्षेपर्यंत पुढे गेला. आता तिथेही निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषय, मुलाखत. एकूण गुण २०२५. ज्या मुलांनी वर्षानुवर्षे गोळे काळे केले, त्यांना आता मराठीत युक्तिवाद लिहायचा आहे. आंदोलन करणाऱ्यांची वेळेची मागणी मला रास्त वाटली होती. बदल मात्र योग्य आहे. पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखता येणाऱ्या माणसाला एखाद्या गावाची अडचण चार ओळींत मांडता येतेच असे नाही.

एक हिशेब परीक्षार्थींनी स्वतःशी करून ठेवावा. यूपीएससीच्या २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले, ५,८३,२१३ जण बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेपर्यंत पोचले आणि १,००९ जणांची शिफारस झाली. म्हणजे हायलायटर घेऊन बसलेल्यांपैकी फार थोडे अधिकारी होणार. बाकीच्यांच्या वह्यांतली योजनांची नावे आणि तारखा दोन वर्षांत कालबाह्य होतील. समोरच्याचा युक्तिवाद ओळखून त्याला उत्तर देता येणे मात्र वकिलीत, शिक्षकीत, पत्रकारितेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीतही उपयोगी पडते.

शेवटची विनंती संपादकांना आहे. तुमचा सर्वांत चिकाटीचा वाचक आज सदाशिव पेठेतल्या खुर्चीवर बसलेला आहे, आणि त्याला तुमच्या श्लेषापेक्षा तुमची कारणे हवी आहेत. त्याच्यासाठी सोपे लिहू नका, अवघडच लिहा. पण विरोधी बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडून मग खोडा, मागचे भाकीत चुकले असेल तर तसे लिहा, आणि ज्या कायद्यावर आसूड ओढता त्या कायद्याच्या कलमाचा क्रमांक निदान एकदा तरी द्या.